सरव्याचे बटाटे

आमच्या एल तेपोसान गावात लहानथोर सगळे एक गोष्ट पक्की धरून चालतात: मिरची वाटणाऱ्या बाईच्या मनात राग असला की तो वाटणात उतरतो. बाई शांत असेल तर रस्सा चवीपुरता तिखट होतो. बाई धुसफुसत असेल तर त्याच मिरच्या त्याच पाट्यावर वाटूनही खाणाऱ्याला रडवतात. शेजारच्या चोनाच्या मावशीने एकदा नवऱ्याशी भांडून वाटण वाटलं आणि ते खाऊन पाद्रीबाबांना लागलेली उचकी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबली नाही, हे गावात अजून तारीखवार सांगतात. मीही ते मानत होते. खरं सांगायचं तर अजूनही थोडं मानते.

म्हणून माझ्या सासूबाईंचे बटाटे तिखट व्हायला लागले तेव्हा मिरच्यांकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सासूबाईंचं नाव ओतिलिया, गाव मानाने दोन्या ओतिलिया म्हणतं. दर रविवारी मिस्सा सुटली की त्या चर्चच्या भिंतीला टेकून बसतात, पुढ्यात फडक्यात गुंडाळलेलं मातीचं भांडं. त्यात अंगठ्याच्या पेराएवढे बटाटे असतात. सालासकट मिठाच्या पाण्यात उकडायचे, डुकराच्या चरबीत साल सुरकुतेपर्यंत परतायचे आणि मग त्यावर दोन सुक्या मिरच्यांचा रस्सा ओतून तो अंगाला चिकटेपर्यंत आटवायचा. मिरच्यांपैकी ग्वाहियो रंगासाठी, आर्बोल तिखटासाठी. लसूण, व्हिनेगर, चिमूटभर ओरेगानो, संपलं. करायला कुणालाही येतील असे बटाटे, आणि तरीही पेरोते शहरातून लोक त्यासाठी गाडी करून यायचे. घरात मी बटाटे धुवायचे, उकडायचे, चूल पेटती ठेवायची. पाट्याला हात लावायची मला अकरा वर्षांत परवानगी नव्हती. "तुझा हात घाईचा आहे," सासूबाई म्हणायच्या. माझा हात घाईचा आहे आणि जीभ त्याहून घाईची, हे गावाला माहीत होतं, त्यामुळे पुढे जे झालं ते सगळ्यांना अगदी पटलं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा लोक खोकले. मार्चमध्ये एका म्हाताऱ्याने तोंडातला बटाटा हळूच रुमालात काढला. एप्रिलमध्ये आमची शेजारीण चोना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "देल्फिना, बाई गं, म्हातारीला असं छळू नये. दिसतं सगळं."

"काय दिसतं?"

"हे बघ, मी काही म्हणत नाही. बटाटेच म्हणतायत."

"मग बटाट्यांनाच विचार ना, मी काय केलं ते!"

"बघ, कशी बोलतेस. आणि मग म्हणतेस राग कुठून आला."

अशा माणसाशी काय बोलायचं? मी घरी आले आणि पाण्याची बादली आपटली. ती बादली आपटलेलीही चोनाने ऐकली, हे मला दुसऱ्या दिवशी गिरणीवर कळलं.

बरं, मी काय केलंय हे मी स्वतःलाही विचारून पाहिलं. रात्री पडल्यावर एकेक दिवस आठवायची. कोंबड्यांचं दार उघडं राहिलं होतं, ते? त्यांच्या भाचीच्या लग्नात मी निळा झगा घातला, ते? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "काही नाही गं, पोरी," आणि पुन्हा पाट्याशी वाकायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत. त्या बघत नाहीत म्हणजे काहीतरी आहेच, असं मग मलाही वाटायला लागलं.

माझा नवरा फिदेन्सियो बटाट्याचा ट्रक घेऊन पुएब्लाच्या बाजाराला जातो आणि शनिवारी घरी येतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्याने आईच्या हातचे चार बटाटे खाल्ले, उठून अंगणात गेला, नळाखाली तोंड धरलं आणि परत येऊन मला म्हणाला, "काय बोललीस तिला?"

"काही नाही."

"काही नाही? हे बघ." त्याने स्वतःच्या लाल डोळ्यांकडे बोट दाखवलं.

"तुझ्या आईला विचार."

"विचारलं. ती पण म्हणते काही नाही."

"मग झालं तर. दोघी एकच सांगतोय."

"तुम्ही दोघी एकच सांगताय म्हणजे नक्कीच मोठं काहीतरी झालंय," तो म्हणाला, आणि तेही खरंच होतं, अकरा वर्षांत आमचं दोघींचं कशावरही एकमत झालं नव्हतं.

त्याने ठरवूनच टाकलं. गावच्या संताचा, सान मिगेलचा सण झाला की पेरोतेत दोन खोल्या घ्यायच्या, आम्ही दोघांनी तिकडे राहायचं, म्हणजे आईच्या जिवाला शांतता. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी ह्याच खोल्यांसाठी त्याच्या मागे लागले होते. तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. आता मिळत होत्या त्या अशा, की ओटीला दोष बांधून निघायचं, आणि मागे गाव म्हणणार, बरं झालं गेली, म्हातारी सुटली. मला ते सहन होणार नव्हतं. जायचं तर मान वर करून जायचं होतं.

सान मिगेलचा सण सप्टेंबरच्या शेवटी येतो, बटाटे काढणीच्या ऐन मध्यावर. सणाच्या जेवणात बाकी काहीही असो, एक हंडा ह्या बारक्या बटाट्यांचा लागतोच, आणि ते बटाटे विकतचे चालत नाहीत. काढणी झाली की मालक मोठे बटाटे उचलतो आणि बारके सरीत सोडून देतो, त्यांच्यावर त्याचा हक्क नसतो. बायका जाऊन तो सरवा वेचतात. सान मिगेलच्या हंड्यात गावातल्या प्रत्येक शेतातला थोडा थोडा सरवा असावा लागतो, आणि जी बाई हंडा रांधते तिच्या घरात भांडण नसावं लागतं. म्हणून सणाच्या आठवडाभर आधी ती बाई आणि तिच्या घरचे, सणाच्या यजमानासमोर उभे राहून एकमेकांची माफी मागतात. एरवी हे काम अर्ध्या मिनिटात उरकतं. सासूबाई सत्तावीस वर्षं हंडा रांधत होत्या, आणि दर वर्षी आम्ही "माफ करा", "माफ कर" म्हणून कोंबड्यांना दाणे टाकायला मोकळ्या व्हायचो.

ह्या वर्षी यजमान होता दोन तिबुर्सियो; बायकांना मानाने 'दोन्या', तसं पुरुषांना 'दोन'. बियाण्याच्या बटाट्याचा व्यापारी, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. तो आला तो मुळी खुर्ची मागून बसलाच.

"आज मी घाई करणार नाही," तो म्हणाला. "गावाला काळजी आहे. दोघींनी मनापासून माफी मागायची. देल्फिना, तू लहान, तू आधी."

"कशाबद्दल मागू?"

"जे काय असेल त्याबद्दल."

"असं काही नाहीच, दोन तिबुर्सियो."

"हां! इथूनच सगळं सुरू होतं," तो मागे उभ्या असलेल्या चोनाकडे वळून म्हणाला. तिला कुणी बोलावलं होतं देव जाणे.

मी काय केलं ते मला माहीत नव्हतं, तरी मी माफी मागितली. सासूबाईंनीही मागितली, जमिनीकडे बघत, भराभर. मग दोन तिबुर्सियोच्या सांगण्यावरून आम्ही एकमेकींना मिठी मारली. अकरा वर्षांत ती दुसरी मिठी. त्यांनी मला धरलं आणि लगेच सोडलं. मी मनात म्हटलं, बघा, हिला एवढा राग आहे की माझा स्पर्शही नको.

समेट झाला म्हणून सासूबाईंनी लगेच वाडगाभर बटाटे करून यजमानापुढे ठेवले. त्याने एक तोंडात टाकला. चेहरा आधी लाल झाला, मग काळपट. आमच्या घरातलं पिण्याचं पाणी त्याने संपवलं.

"राग फार आत मुरलाय," आवाज परत आल्यावर तो म्हणाला. "ओतिलिया, तुझा मान आहे म्हणून हंडा तुझ्याकडेच ठेवतो. पण चोना शेजारी बसेल. हंड्यापाशी दोघींचं काही वाजलं तर ढवळायचा डाव तिच्या हातात जाईल. सान मिगेलला हे असलं वाढता येणार नाही."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत, आणि तेही माझ्याच खात्यात गेलं.

सणाला तीन दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. सरव्याची पोती आमच्या मागच्या खोलीत आली होती. सासूबाई सकाळपासून तिथे निवडत बसल्या होत्या. मी मक्याचं पीठ दळून परत आले, अंगणात पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. सडका बटाटा ज्याने हुंगलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. मेलेलं जनावर बरं म्हणावं असा भपकारा असतो तो, आणि बंद खोलीत डोक्यात जातो. मी शालीचं टोक नाकाला लावलं आणि ओरडले, "सासूबाई, बाहेर या! पोत्यात सडलंय काहीतरी!"

उत्तर नाही. मी दारातून आत पाहिलं.

सासूबाई पोत्यापाशी मांडी घालून बसल्या होत्या. डावा हात कोपरापर्यंत पोत्यात. सडून पाणी झालेला बटाटा त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. उजव्या हातात कॉफीचा पेला होता, आणि त्या सावकाश कॉफी पीत होत्या. माश्या घोंघावत होत्या. त्यांनी मला पाहिलं, मी नाकाला धरलेली शाल पाहिली, आणि मग खाली स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांना कळलं.

मलाही कळलं. आठ महिन्यांचं सगळं एकदम कळलं. मेमध्ये नासलेलं दूध त्यांनी कॉफीत घालून प्यायलं होतं. करपलेल्या शेंगांचं भांडं त्या शांतपणे ढवळत उभ्या होत्या. मला वाटलं होतं, माझ्यावरच्या रागात त्यांचं लक्ष नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी पेला खाली ठेवला. "फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणापासून. जानेवारीत ताप आला होता ना, तो उतरला आणि... तमाले उकडायला ठेवले होते. झाकण उघडलं. काही नाही आलं. मक्याच्या पानांचा वास येतो ना, तो आलाच नाही. मला वाटलं सर्दी आहे."

"आणि चव?"

"मीठ कधी लागतं, कधी नाही. लसूण नाही, चरबी नाही. सगळं ओला कागद चावल्यासारखं." त्या फडक्याने हात पुसायला लागल्या, पुसतच राहिल्या. "मिरचीची आग तेवढी कळते. तेवढीच राहिलीय. म्हणून मी घालत जाते, काहीतरी लागेपर्यंत."

मी दारातच बसले. दया आली, नाही कशी येणार? पण दया पुरती घशापर्यंत यायच्या आत दुसरं काहीतरी वर आलं.

"लोक मला बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"फिदेन्सियो मला घेऊन पेरोतेला निघालाय. तुम्हाला माहीत होतं, माझं काही चुकलेलं नाही."

"माहीत होतं."

"आणि त्या दिवशी त्या ढेरपोट्यासमोर मला माफी मागायला लावलीत!"

"मग काय सांगू गं?" त्यांचा आवाज चढला. "रागावलेली रांधणारी बाई, ती रांधणारीच असते. चार दिवस लोक हसतात, पुन्हा भांड्यापाशी येतात. जिला वास नाही, चव नाही, ती कोण? तिच्या हातचं कोण खाईल? मी दुसरं काय केलंय आयुष्यभर?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला बोलणी झेपतात, देल्फिना. तू उलट बोलतेस. मला वाटलं, ही निभावून नेईल."

मी उठले, ते पोतं अंगणात ओढलं आणि पाण्याच्या हौदापाशी नेऊन उलटं केलं. एकेक बटाटा धुतला. इतकी रागावले होते की पाणी माझ्या डोक्यापर्यंत उडत होतं. आठ महिने गाव ज्या रागाबद्दल बोलत होतं तो अखेर आमच्या घरात आला होता, आणि तो माझा होता. त्या दिवशी मी मिरची वाटली असती तर सान मिगेलने स्वतः खाली उतरून पाणी मागितलं असतं.

संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. पण हंडा बिघडू द्यायचा नाही. हात तुमचा, चव मी बघणार. चालेल?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तू घाईने खातेस."

"सासूबाई, ह्या घडीला माझ्या चुका काढू नका."

सणाच्या सकाळी दोन तिबुर्सियोच्या अंगणात हंडा चढला. धुकं डोंगरावरून खाली सरकलं होतं आणि ओल्या लाकडांचा धूर अंगणभर पसरला होता. वीसेक बायका कामात होत्या. चोना आमच्या शेजारी स्टूल घेऊन बसली होती, हात मांडीवर, एखाद्या वारसासारखी.

आमच्या खुणा ठरल्या होत्या. मी चव घेतल्यावर चमच्याने हंड्याच्या काठावर एकदा वाजवलं तर मीठ हवं, दोनदा वाजवलं तर व्हिनेगर. काहीच नाही वाजवलं तर ठीक. मिरच्या आदल्या दिवशी मोजून घेतल्या होत्या आणि सासूबाईंनी त्या मातीच्या तव्यावर अशा भाजल्या की एकही काळी पडली नाही. वासाची गरजच नव्हती त्यांना, डोळ्यांनी रंग आणि बोटांनी कडकपणा ओळखत होत्या. बटाटे चरबीत तडतडले. रस्सा पडला. मी चव घेतली, एकदा वाजवलं, मीठ पडलं. पुन्हा चव घेतली.

बरोबर होता. जानेवारीआधीचा होता अगदी. मला रडूच आलं, पण धूर होता म्हणून कुणी विचारलं नाही.

मग रीतीप्रमाणे सासूबाईंना स्वतः सगळ्यांसमोर चव घ्यावी लागली. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना काहीच लागलं नव्हतं. रस्सा चांगला जमला होता म्हणून तर आग बेताची होती, आणि आग बेताची म्हणून त्यांच्या जिभेला ते नुसतं पाणी. त्या घाबरल्या. माझ्यावर त्यांचा तीन दिवसांचा विश्वास होता आणि स्वतःच्या जिभेवर सगळ्या जन्माचा. त्यांचा हात शेजारच्या वाडग्याकडे गेला, त्यात आर्बोलचं उरलेलं वाटण होतं. त्यांनी मूठभर उचललं.

मी त्यांचं मनगट धरलं.

अंगणातली प्रत्येक बाई थांबली. दोन्या ओतिलियाचं मनगट हंड्यावर कुणी धरावं, हे गावात कधी झालं नव्हतं.

"बघा!" चोना स्टुलावरून उठली. "सान मिगेलच्या हंड्यावर! हात धरला सासूचा! दोन तिबुर्सियो, या लवकर, या!"

तो आला. मागून फिदेन्सियो आला, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी विसरणार नाही. सासूबाईंची मूठ अजून माझ्या हातात होती, वाटण बोटांमधून गळत होतं.

"ओतिलिया," यजमान म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक होता, "आपलं बोलणं झालं होतं. डाव चोनाला दे."

एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या वेणीला राख लागली होती आणि डाव त्यांनी छातीशी धरला होता. ते वाक्य मी गिळलं. आयुष्यात मी एवढी गप्प कधी राहिले नव्हते. मी हात सोडला आणि खाली बघितलं, एखाद्या गुन्हेगारासारखं.

"डाव देते," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी ऐकून घे, तिबुर्सियो. ही माझ्याशी भांडत नाहीये. मी रस्सा बिघडवत होते, हिने वाचवला. मला फेब्रुवारीपासून वास येत नाही. चव लागत नाही."

चोना हळूच स्टुलावर परत बसली.

"मिरची लागते तेवढी, म्हणून ती घालत गेले. राग नव्हताच कुणाचा. तुम्ही सगळे म्हणालात सुनेमुळे, आणि मी ऐकून घेतलं, कारण मला ते सोयीचं होतं."

"अगं पण ओतिलिया," चोना म्हणाली, "मला तरी सांगायचंस."

"तुला? तुला सांगितलं असतं तर मी घरी पोचायच्या आत पेरोतेत कळलं असतं."

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. सासूबाई माझ्याकडे वळल्या. हात तिखटाने लाल झाला होता, तो तसाच पुढे करून म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात मागितली ती खोटी होती. खरी आता मागते. देल्फिना, मला माफ कर."

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. सगळं अंगण त्याचीच वाट बघत होतं. पण माझ्या नाकात काहीतरी शिरलं आणि तोंडातून निघालं, "आधी हंडा ढवळा, खाली लागतंय!"

त्यांनी पटकन डाव हंड्यात घातला आणि तळापासून ढवळलं. मी दोन लाकडं बाहेर ओढली. करपला नव्हता, अगदी थोडक्यात वाचला. दोन तिबुर्सियोने एक बटाटा उचलला, फुंकर मारली आणि भीत भीत खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसरा घ्यायला गेला तेव्हा सासूबाईंनी डाव उगारला.

"डाव तिच्याकडेच राहू दे," तो चोनाला म्हणाला. "जीभ कुणाची ते सान मिगेल बघून घेईल."

दुपारी हंडा रिकामा झाला. जाता-येता बायका माझ्याशी उगाच बोलत होत्या, कुणी माझ्या झग्याचं कौतुक केलं, कुणी पोरांना माझ्याकडे पाठवून मला गोड पाव दिला. माफी मात्र एकीनेही मागितली नाही. फिदेन्सियो टोपी हातात फिरवत आला.

"त्या पेरोतेतल्या खोल्यांचं..."

"कुठल्या खोल्या?" मी म्हटलं, आणि तो मुकाट्याने भांडी धुवायला गेला.

आम्ही दोघी अंगणाच्या मागे बटाट्यांच्या उलट्या खोक्यांवर बसलो. सासूबाईंनी आमच्यासाठी एक वाडगा झाकून ठेवला होता. "माफ केलंस का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. थोडे दिवस लागतील."

"लागू देत." त्यांनी एक बटाटा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या, समोरच्या नांगरलेल्या शेताकडे बघत. मग म्हणाल्या, "कसे झालेत, सांग."

"छान झालेत."

"छान तर तिबुर्सियोही म्हणतो. नीट सांग."

मी बटाटा खाल्ला. इतकी वर्षं ह्या बाईला द्यायला माझ्याकडे शब्द कधी कमी पडले नव्हते, आणि आता एकेक शोधावा लागत होता. "आधी साल लागते," मी म्हटलं. "जराशी चिवट. मग आतला बटाटा विरघळतो. मग चरबी. मग ग्वाहियो, गोडसर, थोडा धुरकट. लसूण मागे मागे. व्हिनेगर गालाला लागतं. आणि गिळल्यावर आर्बोल."

त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "आणि ओरेगानो?"

"तो शेवटी."

"शेवटी नाही," त्या म्हणाल्या. "चरबीच्या आधी येतो, साल फुटते ना, तेव्हा. एकदाच. तू घाईने खातेस म्हणून चुकतो."

मी दुसरा बटाटा घेतला आणि सावकाश खाल्ला. त्यांचं बरोबर होतं.